हिरव्या शाईतला शिंपी

मावशीचं हिरवं पेन शेवटी काढून घेण्यात आलं, तिच्या फायलीत शेरा लागला आणि तिची खुर्ची जिन्याखालच्या खोलीत गेली.

हे झालेलं नाही. म्हणजे झालं, पण भाच्याने त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं की झालं नाही, आणि ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगायची आहे, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. खुर्ची खिडकीपाशी आहे. पेन मावशीच्या हातात आहे. वार शुक्रवार आहे.

भाचा हा मावशीचा सख्खा भाचा. तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पण ती कोशघरातल्या सगळ्यांचीच मावशी होती. संपादक तिच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठे, तरी तेही तिला मावशीच म्हणत. त्यामुळे हा आपोआप सगळ्यांचा भाचेबुवा झाला. नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती, आणि त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदाला माहीत होतं.

कोशघर म्हणजे इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक मोठा कोश जिथे तयार होत होता ती इमारत. काम सुरू होऊन चौतीस वर्षं झाली होती आणि ‘ए’ हे अक्षर नुकतंच संपलं होतं. संपादकांच्या मते वेग समाधानकारक होता.

कामाची रीत अशी. शब्द चिठ्ठ्या टाकून वाटले जात, म्हणजे अवघड शब्द मिळाला म्हणून कोणी रुसायला नको. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. नोंद लिहिणाऱ्याने त्यावर निळ्या शाईत शब्द, अर्थ, वापर आणि व्युत्पत्ती लिहायची. मग ते कार्ड तपासनिसाकडे जाणार. तपासनीस म्हणजे मावशी. तिने वाचायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात हिरव्या शाईत सही करायची. हिरवी सही झाली की त्या कार्डाकडे पुन्हा कोणी ढुंकूनही बघत नसे. संपादकसुद्धा नाही. भिंतीवर चौकटीत नियम लावला होता: ‘ज्याची सही शेवटची, त्याचं कार्ड.’ त्या नियमाखाली मात्र कोणाचीच सही नव्हती.

आता शुक्रवारची भानगड.

भाचा नवा असताना त्याने ‘अँट’ या शब्दापुढे अर्थ लिहिला होता ‘मावशी’. मावशीने भरल्या खोलीत विचारलं, “काय रे गाढवा, मी मुंगी आहे का?” सगळे हसले. भाच्याचे कान लाल झाले. पण तो म्हणाला, “मुद्दाम लिहिलं होतं. तुझी परीक्षा घेत होतो.” मावशीने चष्म्यावरून त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, कार्ड फाडून चार तुकडे केले, टोपलीत टाकले, टेबलाच्या खणातून पत्र्याचा डबा काढला आणि त्यातलं एक बिस्किट त्याच्या हातावर ठेवलं. “हे घे. परीक्षकाचं मानधन.”

तेव्हापासून दर शुक्रवारी भाचा आपल्या चाळीस कार्डांच्या गठ्ठ्यात एक धादांत खोटं कार्ड घालू लागला. मावशी गठ्ठा चाळायची, सह्या करत जायची, मध्येच थांबायची, एक कार्ड काढून फाडायची आणि न बोलता डबा उघडायची. सोमवारी भाचा त्या शब्दाचं खरं कार्ड लिहून द्यायचा. कामाचं काही नुकसान नाही. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात हा उद्योग चालला असता तर दोघांना घरी बसवलं असतं. कोशघरात तो कोणाच्या लक्षातच आला नाही, कारण तिथे शुक्रवारी लोक एकमेकांकडे बघत नसत, घड्याळाकडे बघत. आणि खरं सांगायचं तर त्या बिस्किटाची सर नोकरीतल्या कुठल्याच गोष्टीला नव्हती. पगार धरून.

‘ए’ संपता संपता एका शुक्रवारी भाच्याच्या चिठ्ठीत ‘ॲडव्हर्स’ आला.

साधा शब्द. मूळ लॅटिन. ‘ॲड’ म्हणजे कडे, ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणं. ज्याने आपल्याकडे तोंड वळवलंय ते. समोर उभं ठाकलेलं. म्हणून विरुद्ध, प्रतिकूल, हानिकारक. हवामान ॲडव्हर्स असतं, औषधाचा परिणाम ॲडव्हर्स असतो, नोकरदाराच्या फायलीतला शेरा ॲडव्हर्स असतो. शब्द सहसा गोष्टींना लावतात, माणसांना नाही. एवढं लिहिलं की संपलं.

पण शुक्रवार होता. भाच्याने लिहिलं: ‘व्युत्पत्ती: एका जुन्या बंदरातल्या ॲडव्हर नावाच्या शिंप्यावरून. हा शिंपी बाह्या उलट्या जोडत असे. त्याने शिवलेला अंगरखा घालून लढाईला गेलेल्या सरदाराचा तलवारीचा हात पाठीकडे वळला व त्याने स्वतःच्याच घोड्याची शेपटी कापली. तेव्हापासून अंगावर उलटणाऱ्या कोणत्याही गोष्टीस ॲडव्हर्स म्हणू लागले.’

हे लिहिताना त्याला इतकं हसू येत होतं की शेजारच्या टेबलावरच्या स्वल्पविरामाने विचारलं, “काय, म्हणजे, बरं आहे ना, पोट वगैरे?” स्वल्पविराम हा दुसरा नोंद लिहिणारा. त्याचं वाक्य कधी संपत नसे, म्हणून हे नाव.

मावशीने गठ्ठा चाळला. थांबली. एक कार्ड काढलं, फाडलं, डबा उघडला. भाच्याने बिस्किट खाल्लं. ते जरा मऊ पडलं होतं, एवढंच त्याला आठवतं.

मग ‘ए’ संपलं. पहिला खंड छापायला गेला. मधले सात महिने कार्डांच्या खणांना नवीन मुठी बसवण्यात गेले.

खंड बाहेर आला आणि तीन आठवड्यांनी शिंपी संघटनेचे अध्यक्ष गळ्यात मोजपट्टी आणि हातात फुलांचा गुच्छ घेऊन कोशघरात हजर झाले.

“अहो, आमच्या धंद्यातल्या माणसामुळे इंग्रजीत एक आख्खा शब्द गेला! ही काय लहानसहान गोष्ट आहे?” अध्यक्ष म्हणाले. “सुतारांचा गेलाय का? आणा बरं कोशातून.”

“पण त्याने बाह्या उलट्या जोडल्या होत्या,” संपादक म्हणाले. ही नोंद ते त्या क्षणी पहिल्यांदाच वाचत होते.

“जोडल्या ना पण? तुटल्या नाहीत ना? आम्ही सभागृहात त्याच्या नावाची पाटी लावतोय.”

संपादकांना कोशावर कोणी इतकं प्रेम केल्याची सवय नव्हती. त्यांनी गुच्छ घेतला. भाचा आपल्या टेबलाशी बसून हे ऐकत होता. त्याने खंड उघडला. पान तेवीस, दुसरा स्तंभ. शिंपी तिथे होता. घोडाही होता.

मावशीने तर ते कार्ड फाडलं होतं. मानधन दिलं होतं.

दोन दिवसांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं पत्र आलं. चार ओळी होत्या. ‘पान तेवीसवरची शिंप्याची कथा खोटी आहे. लॅटिन बघा. माझं वय एक्याऐंशी आहे. तेव्हा दुरुस्ती जरा लवकर करा.’

संपादकांनी लॅटिन बघितलं. मग मूळ कार्ड मागवलं. खाली उजव्या कोपऱ्यात हिरवी सही होती.

“मावशींची आहे,” ते म्हणाले. कोणीतरी गेल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज झाला. “चौतीस वर्षांत पहिल्यांदा. नियमाप्रमाणे पुढच्या बुधवारी चौकशी करावी लागेल. आणि चूक शाबित झाली तर हिरवं पेन...” पुढचं त्यांना बोलवेना, म्हणून स्वल्पविरामाने मदत केली. “म्हणजे, ते, काढून वगैरे,” तो म्हणाला.

मावशीला निवृत्तीला आठ महिने उरले होते. तिची एकच इच्छा होती आणि ती सगळ्यांना पाठ होती: शेवटच्या दिवशी शेवटच्या कार्डावर सही करायची, पेनाला टोपण लावायचं आणि त्या खिडकीपाशी ते आपल्या हाताने ठेवून घरी जायचं. मोठं काही नाही. माणसं याहून मोठ्या गोष्टी मागतात आणि त्यांना त्या मिळतातही.

भाचा तिच्या टेबलापाशी गेला. “मावशी, शिंप्याचं कार्ड तू फाडलं नाहीस?”

“कुठलं?”

“ॲडव्हर्स.”

मावशी खिडकीकडे बघत राहिली. “अच्छा. ते होय. ते मला खरं वाटलं रे.”

भाच्याला पटेना. मावशीने लॅटिन शिकवून दोन पिढ्या घडवल्या होत्या. लहानपणी त्याला जेवू घालताना ती धातू म्हणायला लावायची. ‘वळणं’ म्हटल्याशिवाय पुढचा घास मिळत नसे. तिला उलट्या बाह्यांचा शिंपी खरा वाटला?

सोमवारी त्याने लिहिलेलं ॲडव्हर्सचं खरं कार्ड कुठेतरी असणार. ते संपादकांपुढे ठेवलं तर निदान एवढं तरी दिसेल की कोशघराला खरं माहीत होतं. जुळारी म्हणजे कार्डांवरून छपाईचे खिळे जुळवणारा माणूस. एकाच शब्दाची दोन कार्डं आली तर जुळारी आधी सही झालेलं घ्यायचा आणि दुसरं ‘दुबार’ असं लिहिलेल्या खणात टाकायचा. तो खण कोणी कधी उघडत नसे. नवीन मूठसुद्धा त्याला उलटी बसवली होती. भाच्याने तो ओढला.

आत नऊ कार्डं होती. नऊही भाच्याच्या अक्षरात. नऊही खरी. नऊही सोमवारची.

म्हणजे नऊ शुक्रवार. लागोपाठ. त्याची नऊ खोटी कार्डं हिरवी सही घेऊन कोशात गेली होती. शिंपी फक्त सापडला होता. बाकीचे आठ अजून मोकाट होते. शिवाय त्यांत एका शब्दाचं मूळ त्याने ‘शिंक’ असं दिलं होतं.

आणि मग त्याच्या मनात आणखी एक विचार आला. त्या नऊ शुक्रवारी मावशीने काहीतरी फाडलं होतं ना? डोळ्यांदेखत फाडलं होतं. खोटं कार्ड फाडलं नाही, तर फाडलं कोणतं?

त्याने पहिला खंड घेतला आणि नऊ शुक्रवारी आपल्या वाट्याला आलेले शब्द एकेक करून शोधायला सुरुवात केली. दुपारी साडेतीनला त्याला कळलं की चौतीस वर्षं खपून तयार केलेल्या कोशात ‘ॲपल’ हा शब्द नाही.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बरोबरच आहे. ॲपलचा अर्थ बघायला कोश उघडतं कोण?

चौकशीच्या आधी एक शुक्रवार होता. ‘बी’ अक्षर त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. भाच्याने गठ्ठा तयार केला, एकोणचाळीस कार्डं खरी लिहिली आणि बरोबर मध्ये एक कार्ड घातलं. कोरं. नुसतं पांढरं.

मावशीने गठ्ठा घेतला. डावा अंगठा कार्डाच्या कडेवर, उजव्या हातात पेन. सही, पुढचं. सही, पुढचं. कोरं कार्ड आलं. तिने त्यावर सही केली. पुढचं. आणखी दोन झाल्यावर थांबली, तोंडभर हसली, एक कार्ड काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. टोपलीत पडताना भाच्याला त्यातला एक तुकडा दिसला. ‘ब्रेड’चं कार्ड होतं ते. अर्थ अगदी बरोबर होता.

“सापडलं रे गाढवा,” मावशी म्हणाली आणि डबा उघडला.

भाच्याने बिस्किट घेतलं. काय करणार? नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार. त्याने ते चावलं आणि गिळलं. घशातून उतरताना त्या बिस्किटाला कोपरे होते.

चहाच्या वेळी त्याने तिला मागच्या जिन्यावर गाठलं.

“किती दिवस झाले?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“मावशी, आज कोरं कार्ड होतं.”

मावशीने चहाचा घोट घेतला. कप पायरीवर ठेवला. आधी हाताने पायरी चाचपली, मग ठेवला. हे ती बरेच दिवस असंच करत असणार. पाच वर्षं समोर बसून भाच्याने ते बघितलं नव्हतं.

“वर्ष होईल,” ती म्हणाली. “मधोमध डाग आहे. कडेचं सगळं लख्ख दिसतं. तू दारातून आत येतोस तेव्हा दिसतोस. तुझ्याकडे तोंड वळवलं की नाहीसा होतोस.”

“डॉक्टर?”

“डॉक्टर दिसतात. तेही कडेनेच.”

“अगं थट्टा काय करतेस! मग बाकीची कार्डं?”

“बाकीची तू आणि स्वल्पविराम लिहिता. तुम्ही बरोबर लिहिता. माणसं पारखून घेतलीत मी.”

“आणि माझं खोटं कार्ड?”

“ते गठ्ठ्यात घातलंस की तू खुर्चीत हलत नाहीस. श्वाससुद्धा घेत नाहीस. तेवढं मला ऐकू येतं. कुठलं ते कळत नाही, म्हणून मधलं फाडायचे.”

“तू ॲपल फाडलंस, मावशी.”

“ॲपल?”

“कोशात ॲपल नाही.”

मावशीने तोंडावर पदर घेतला. भाच्याला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती, खांदे हलेपर्यंत. “कोणी विचारलं?”

“नाही.”

“मग जाऊ दे.” हसू ओसरायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, “तू हरलास असं तुला कधी वाटू द्यायचं नव्हतं. म्हणजे, मी हरले असं. एकच झालं.”

“मी संपादकांना सगळं सांगतो. खोटं मी लिहिलं, मुद्दाम लिहिलं. तुला दिसत नव्हतं. तुझा काय दोष?”

“खबरदार!” जिन्यातून वर जाणारा माणूस थबकावा इतक्या जोरात ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात: “ऐक. चूक केली म्हणून पेन गेलं, तर ते चुकीमुळे गेलं. चूक कोणीही करतं. दिसत नाही म्हणून गेलं, तर ही सगळी माणसं माझा हात धरून मला रस्ता ओलांडून द्यायला लागतील. स्वल्पविराम तर अर्ध्या रस्त्यातच थांबेल. मला नको ते. तोंड उघडलंस तर तुझ्या आईला सांगेन, तिचं भिंतीवरचं घड्याळ कोणी उघडून बघितलं होतं ते.”

“तू आईला म्हणालीस ना, की मांजराने पाडलं?”

“तेव्हाही मीच वाचवलं होतं तुला,” मावशी म्हणाली आणि कप न शोधता अचूक उचलला. तो कडेला होता.

भाच्याला पुढचे चार दिवस अन्न गोड लागलं नाही. त्याने हिशेब करून बघितला. गप्प बसलो, तर माझ्या खोटेपणाची शिक्षा तिला. बोललो, तर तिने वर्षभर पदराखाली झाकलेलं मी चव्हाट्यावर मांडणार. उरलेली आठ कार्डं दुरुस्त करायची म्हटली, तर नऊ चुका निघणार. आणि एका चुकीला चूक म्हणतात, लागोपाठ नऊंना डोळे म्हणतात. म्हणजे कोश खोटाच ठेवायचा. पाच वर्षं ज्या कोशात मावशीने त्याला शब्दांवर बोट ठेवायला शिकवलं, तो. एक विचार असाही आला की सही मीच खोटी केली म्हणून सांगावं. मावशीने फोनवरच उडवून लावलं. “तू? माझी सही? आधी स्वतःचं अक्षर सुधार.”

बुधवारी चौकशी झाली. लांब टेबलाच्या एका टोकाला संपादक, बाजूला टिपण घ्यायला स्वल्पविराम, आणि बाधित पक्ष म्हणून शिंपी संघटनेचे अध्यक्ष. समोर मावशी. भाचा संपादकांच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता, कारण नोंद लिहिणाऱ्याला चौकशीत खुर्ची देण्याची तरतूद नव्हती.

“हे कार्ड मी लिहिलं,” कोणी विचारायच्या आत भाचा म्हणाला. “चुकून नाही. मुद्दाम. गंमत म्हणून. शिंपी मी मनाने तयार केला.”

“असं कसं मनाने?” अध्यक्ष उठून उभे राहिले. “पाटी लागली आमची!”

“बसा हो. भाचेबुवा, तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे,” संपादक म्हणाले. “पण या अर्जात ‘चूक करणारा’ या रकान्यात ‘तपासनीस’ असं आधीच छापलेलं आहे. नोंद लिहिणाऱ्याने चुका करायच्याच असतात. त्याशिवाय तपासनिसाला काम काय? तुमच्या अपराधाला आमच्याकडे रकाना नाही.”

“मग नवा रकाना काढा!”

“रकाना काढायचा अर्ज वेगळा आहे. तो संपलाय.” संपादकांनी चष्मा पुसला. त्यांनाही हे सगळं नकोच होतं, हे दिसत होतं. “मावशी, एकच विचारतो. आपण हे कार्ड वाचून सही केली होती?”

आता नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. वाचलं नव्हतं म्हटलं असतं तरी डोळ्यांचं नाव काढावं लागलं नसतं. घाई होती, डोकं दुखत होतं, काहीही. पण न वाचता सही? मावशी?

“वाचून केली,” मावशी म्हणाली.

बोलताना ती संपादकांकडे बघत नव्हती, उजवीकडच्या भिंतीकडे बघत होती. बाकीच्यांना वाटलं, शरमेने तोंड फिरवलंय. भाच्याला एकट्यालाच माहीत होतं की असं तोंड फिरवलं तरच तो तिला दिसतो.

त्याने तोंड उघडलं. मावशीने भिंतीकडे बघत मान अगदी किंचित हलवली. त्याने तोंड मिटलं.

बस. एवढंच त्याने केलं. पुढे त्याने स्वतःला जेवढी दूषणं दिली ती सगळी त्या मिटलेल्या तोंडासाठी.

संपादकांनी फाइल उघडून शेरा लिहिला. एकच शब्द: ‘ॲडव्हर्स’. आणि मग ते अडखळले, कारण नियम असा होता की शेरा संबंधिताला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा आणि अर्थ संस्थेच्या अधिकृत कोशातूनच द्यावा. संस्थेचा अधिकृत कोश टेबलावरच होता.

संपादकांनी पान तेवीस काढलं. घसा साफ केला. आणि चौतीस वर्षं नोकरी झालेल्या त्या बाईला, उभं राहून, सावकाश, एका शिंप्याने बाह्या उलट्या कशा जोडल्या आणि सरदाराने आपल्याच घोड्याची शेपटी कशी कापली ते वाचून दाखवलं. शेवटी अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

“छान लिहिलंय,” मावशी हळूच म्हणाली. तिने ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. “शेपटी छान आहे.”

भाच्याला त्या भिंतीत शिरून पलीकडे निघून जावंसं वाटलं.

स्वल्पविरामाने उठून मावशीपुढे हात पसरला. तिने पेनाला टोपण लावलं आणि पेन त्याच्या हातावर ठेवलं. तो ते घेऊन टेबलाला वळसा घालून आला, आणि संपादकांनी भाच्याकडे बोट दाखवलं. तपासनिसाची जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि सेवाज्येष्ठतेने स्वल्पविरामाचा नंबर असला तरी त्याचा होकार लिहून घ्यायला वाक्य पूर्ण व्हावं लागतं.

“अभिनंदन,” संपादक म्हणाले. “म्हणजे, या परिस्थितीत जेवढं करता येतं तेवढं.”

पेन गरम होतं. मावशीच्या हातातून येऊन त्याला अजून मिनिटही झालं नव्हतं.

ॲडव्हर्सची दुरुस्ती अजून व्हायची आहे. शिंपी संघटनेने हरकत घेतली आहे. तोवर कोशात शिंपी खरा आहे, ‘शिंक’ खरी आहे, ॲपल अस्तित्वात नाही, आणि भाचा खिडकीपाशी बसतो. तो प्रत्येक कार्ड तीनदा वाचतो. ‘बी’ला आता किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही.

शुक्रवारी तो जिन्याखालच्या खोलीत जातो. मावशीला तिथे टाचण्या वेगळ्या करायचं काम आहे. ते ती बोटांनी करते आणि पूर्वी होत होतं त्यापेक्षा चांगलं होतं, असं सगळे म्हणतात. कोणी तिचा हात धरत नाही. चूक केलेल्या बाईचा हात कोण धरणार? तिला हवं होतं ते तिला मिळालं आहे, आणि भाच्याला ते बघवत नाही.

परवा त्याला दारात पाहून तिने भिंतीकडे तोंड केलं आणि डबा उघडला.

“घे.”

“मावशी, आज काही खोटं लिहिलं नाही.”

“अरे, आता तपासनीस आहेस. लिहायचं नसतंच तुला. घे.”

त्याने घेतलं नाही. वर येऊन बसला आणि अर्ज लिहिला. तपासनिसाच्या अर्जावर दुसऱ्या तपासनिसाची हिरवी सही लागते, आणि दुसरा तपासनीस कोशघरात नाही. म्हणजे अर्ज पुढे जाणार नाही हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं. तरी त्याने लिहिला, तीन प्रती काढल्या, आणि पहिली मावशीला वाचून दाखवायला खाली घेऊन गेला:

‘मा. संपादक यांसी. विषय: शुक्रवारांबाबत. महोदय, संदर्भीय प्रकरणी अर्जदार याने कोणताही त्रास न होता बढती भोगली आहे व सध्या भोगत आहे. सबब विनंती की, मागील नऊ शुक्रवार आठवड्यांतून कमी करण्यात यावेत. फाइलमधील शेरा मूळ लॅटिन अर्थाप्रमाणे अर्जदाराकडे तोंड वळवून ठेवण्यात यावा. खिडकी जिन्याखाली हलवण्यात यावी. आणि अर्जदाराने न जिंकता खाल्लेली नऊ व कोऱ्या कार्डाचे एक अशी एकूण दहा बिस्किटे, आज ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत, डब्यात परत जमा करून घेण्यात यावीत.’